भात शिजतोय तोवर 'आत्ता'च असतं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत 'या क्षणात जगा' सांगणारा लेख आलाय, तो वाचून हे पत्र लिहितेय. पत्र लांबणार आहे हे आधीच सांगते, कारण विषय दोन ओळीत उरकण्यासारखा नाही. लेखातली कळकळ मला कळते. माणसं मोबाईलमध्ये डोकं घालून जेवतात, उद्याची काळजी करत झोपतात, समोरचा बोलत असतो आणि आपलं लक्ष तिसरीकडेच, हे सगळं खरंय. पण त्या लेखात एक वाक्य चौकटीत ठळक छापलंय, की भूतकाळ गेला म्हणजे तो नाही, भविष्य आलं नाही म्हणजे तेही नाही, खरा काय तो हा एक क्षण. हे वाक्य हल्ली सगळीकडे दिसतं, सकाळच्या व्हॉट्सअ‍ॅपवर फुलांच्या फोटोवर असतं, शाळेतल्या शिबिरात पाहुणे मुलांना सांगतात, आणि कुणाकडे दुःखाचा प्रसंग झाला की भेटायला येणारे हमखास हेच बोलतात. माझं मत असं आहे की हे वाक्य चुकीचं आहे, ऐकायला गोड आहे म्हणून कुणी तपासून बघत नाही एवढंच.

मी मिरजेत राहते, एकतीस वर्षं हायस्कूलला मराठी आणि संस्कृत शिकवलं, आता रिटायर आहे. 'काळ' हा धडा किती वेळा शिकवला त्याची गणती नाही. वर्तमान, भूत, भविष्य, प्रत्येकाचे चार उपप्रकार, फळ्यावर तक्ता काढायचा की झालं. एकदा नववीतल्या एका मुलानं विचारलं, "बाई, मी खालून हाक मारली की आई वरून म्हणते 'आले आले', आणि ती तर अजून आलेली नसते, मग हा भूतकाळ कसा?" मी पुस्तकातलं उत्तर दिलं, की क्रिया अगदी लगेच होणार असली की आपण भूतकाळाचं रूप वापरतो. उत्तर बरोबरच होतं, पण त्या रात्री मला कळलं की मुलानं व्याकरणाचं काही विचारलेलंच नाही. आपण बोलतो तो 'आत्ता' नेमका केवढा असतो, असं त्याला विचारायचं होतं.

आपली भाषाच बघा ना. घरातून निघताना आपण 'येते' म्हणतो, 'जाते' म्हणत नाही. 'आत्ता गेला' म्हणतो आणि 'आत्ता येईल' पण म्हणतो, एकच शब्द दोन्हीकडे हात पसरून बसलेला. 'परवा' तर मागचाही असतो आणि पुढचाही, आणि कुणाचा गोंधळ होत नाही कारण क्रियापद सांगून टाकतं कुठला परवा ते. घटकाभर बस म्हणतो तेव्हा घटका म्हणजे २४ मिनिटं, हे आता कुणाच्या डोक्यात नसतं. पूर्वी लग्नात घंगाळातल्या पाण्यावर तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी सोडत, ती हळूहळू भरून बुडाली की घटका भरली. म्हणजे मुहूर्ताचा क्षण गाठायला सुद्धा वाटी भरत जाताना बघत बसावं लागायचं, तो एकदम टपकत नव्हता.

आता तो लेखातला 'एक क्षण' पकडायचा प्रयत्न करून बघू. एक सेकंद घेतला तर त्यातला अर्धा होऊन गेला आणि अर्धा यायचाय. त्याचा हजारावा भाग घ्या, त्यातलाही अर्धा गेला आणि अर्धा राहिला. असं कापत गेलं की शेवटी हातात येतं ते शून्य लांबीचं काहीतरी, त्यात श्वास घेता येत नाही, एक अक्षर उच्चारता येत नाही, 'क्षण' हा शब्दच म्हणायचा तर 'क्ष' संपल्याशिवाय 'ण' येत नाही. मग खरं काय राहिलं? भूतकाळ नाही, भविष्य नाही, आणि हा जो वर्तमान म्हणून दाखवला तोही बोटांतून निसटला. चौकटीतलं वाक्य शेवटपर्यंत नेलं की काहीच खरं उरत नाही.

ही शंका माझ्या डोक्यातून आलेली नाही, ती फार जुनी आहे. संस्कृत व्याकरणकार पाणिनीचं एक सूत्र आहे 'वर्तमाने लट्', वर्तमानकाळ दाखवायला 'लट्' ही क्रियापदाची रूपं वापरा, बस एवढंच. त्यावर पतंजलीनं महाभाष्यात, म्हणजे पाणिनीच्या व्याकरणावरच्या मोठ्या टीकाग्रंथात, जी चर्चा केलीय ती वाचून मी थक्क झाले होते. तो म्हणतो की काही लोक वर्तमानकाळ मुळात नाहीच असं मानतात, आणि त्यांचे श्लोक देतो. 'न वर्तते चक्रम् इषुर्न पात्यते न स्यन्दन्ते सरितः सागराय', चाक फिरत नाही, बाण सुटत नाही, नद्या सागराकडे वाहत नाहीत, सगळं जग जागच्या जागी ठप्प उभं आहे, आणि ज्याला हे असं दिसतं तो काही आंधळा नव्हे. बाणाचंच उदाहरण ग्रीक तत्त्वज्ञ झेनोनं त्याही आधी दिलं होतं की प्रत्येक क्षणी बाण कुठेतरी एका जागी असतो, मग तो हलतो कधी. एवढ्या लांबच्या दोन ठिकाणी बाणच आठवला याचं मला अप्रूप वाटतं.

आणि मग तो कावळा. स्वतःला विचारवंत समजणारा, हुशार म्हणून नाव असलेला एक तरुण कावळ्याला गाठतो आणि विचारतो, तुझं हे 'पतन' म्हणजे काय रे बाबा? (पत् धातूचा अर्थ पडणं आहे तसा उडणंही आहे.) 'अनागते न पतसि अतिक्रान्ते च काक न। यदि संप्रति पतसि सर्वो लोकः पतत्ययम्॥' जी जागा अजून आली नाही तिथे तू उडत नाहीस, जी मागे पडली तिथेही उडत नाहीस, आणि आत्ता जिथे आहेस तिथे, एका बिंदूवर, उडतोस म्हणायचं तर मग सगळं जगच उडतंय म्हणा की. मी वर्गात हा श्लोक सांगायचे तेव्हा मागच्या बाकावरची मुलंसुद्धा खिडकीबाहेर बघायची, आमच्या शाळेसमोरच्या वायरवर कावळे असायचेच.

न्यायसूत्रात, म्हणजे तर्कशास्त्राच्या जुन्या ग्रंथात, हीच शंका फळावर घेतलीय. देठापासून सुटलेलं फळ पडतंय, त्याच्या वरची वाट म्हणजे पडून झालेली, खालची वाट म्हणजे पडायची राहिलेली, तिसरी वाट आहेच कुठे की जिला 'पडतंय' म्हणावं. नैयायिकांचं, म्हणजे न्याय मानणाऱ्यांचं, उत्तर फार नेमकं आहे. ते म्हणतात वर्तमान नाही म्हणालात तर भूत आणि भविष्यही जातील, कारण ते दोन्ही वर्तमानाच्याच आधारानं ओळखायचे. शिवाय तुम्ही काळाला वाटेवर मोजताय तिथेच चुकताय, काळ कळतो तो क्रियेवरून. 'पडतंय' ही क्रिया चालू आहे, तीच वर्तमान.

क्रिया चालू आहे म्हणजे तरी काय, तर भाष्यकार वात्स्यायन इथे स्वयंपाकघरात जातो. 'पचति', म्हणजे भात करतोय. त्यात काय काय येतं याची यादीच दिलीय त्यानं, भांडं चुलीवर चढवणं, पाणी ओतणं, तांदूळ टाकणं, लाकडं सरकवणं, जाळ करणं, डावानं ढवळणं, पेज काढणं, खाली उतरवणं. इतकी वेगवेगळी कामं, पण सगळी एकाच कामासाठी, म्हणून भांडं चढवल्यापासून उतरवेपर्यंत 'भात करतोय' हेच खरं, तेवढा सगळा वर्तमानकाळ. मी आयुष्यभर दोन वेळचा भात लावलाय, पण माझा अर्धा तास कुणी इतका नीट ओळखला असेल असं वाटलं नव्हतं. मी तांदूळ निवडत असते तेव्हा मुलगी फोनवर विचारते काय चाललंय, मी म्हणते भात लावतेय, आणि ते खोटं नसतं, तांदूळ अजून पाण्यातही पडलेला नसला तरी.

पतंजलीचं उत्तरही याच वळणाचं, उलट मला ते जास्त आवडतं. त्याच्या आधीच्या वैयाकरण कात्यायनानं अडचण काढली होती की सुरू केलेलं काम मध्ये थांबतं तेव्हा वर्तमानकाळ कसा चालेल. 'आम्ही इथे शिकतोय' म्हणणारा त्या वेळी शिकत नसतो, तो झोपलेला असेल, नदीवर गेलेला असेल. त्यावर म्हटलंय, बरं, तुम्हाला बिनशंकेचा वर्तमानकाळ कुठला वाटतो? 'देवदत्त जेवतोय' हा ना? मग तो देवदत्त सुद्धा जेवता जेवता हसतो, बोलतो, मध्येच पाणी पितो. त्याचं चालतं तर यांचंही चालू द्या. सुरुवात झाली आहे आणि शेवट झालेला नाही, एवढं असलं की तो वर्तमान.

सुरुवात झाली आहे आणि शेवट झालेला नाही. यापेक्षा चांगली व्याख्या मी वाचलेली नाही. या व्याख्येत वर्तमानाची लांबी कामावर ठरते. शिंक येते तेवढा एक वर्तमान, मुलीचं शिक्षण चालू आहे तो वर्षांचा वर्तमान, आणि दोन्ही एकाच वेळी खरे, एकाच्या पोटात दुसरा. पुढे पतंजली 'पर्वत उभे आहेत, नद्या वाहताहेत' ही उदाहरणंही घेतो, ज्यांना सुरुवात-शेवट दिसतच नाही अशी, आणि म्हणतो की झालेल्या, असलेल्या आणि होणाऱ्या राजांच्या कारभारावरून पर्वतांचं उभं असणं मोजा. आमच्याकडून कोकणात उतरताना सह्याद्री लागतो, तो दगड साडेसहा कोटी वर्षांचा. शिलाहार झाले, आदिलशाही झाली, मराठे झाले, इंग्रज झाले, आणि डोंगराचं 'उभा आहे' चालूच आहे.

याच चर्चेत शिकण्याचं उदाहरण देता देता पतंजली सहज लिहून जातो, 'इह पुष्यमित्रं याजयामः', इथे आम्ही पुष्यमित्राचा यज्ञ चालवतोय. १८७२ साली रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी याच वाक्यावर बोट ठेवलं, की अहो, हा वर्तमानकाळ आहे, यज्ञ सुरू होता आणि संपला नव्हता, म्हणजे पतंजली पुष्यमित्र शुंग राजाच्या वेळचा, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला. यावर पुढे वाद झाले, ते असोत, पण वर्तमानकाळ म्हणजे काय हे समजावताना दिलेल्या एका क्रियापदावरून त्या माणसाचा स्वतःचा वर्तमान दोन हजार वर्षांनी हाती लागला, ही गोष्ट मला अजून सुद्धा अंगावर काटा आणते. ज्यांना संस्कृत जड जातं त्यांनी वासुदेवशास्त्री अभ्यंकरांचं मराठी भाषांतर बघावं, अख्खं महाभाष्य आपल्या भाषेत आहे आणि ग्रंथालयात ते खंड तसेच पडून असतात.

हे फक्त शास्त्री लोकांचं आहे असं वाटत असेल तर गाण्याला या. आमच्या मिरजेला तंबोरे होतात, इथल्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे आणि उरुसात त्यांच्या नावानं गाणं होतं. किराणा घराण्याचा अतिविलंबित एकताल ऐका, म्हणजे बारा मात्रांचा ताल अगदी संथ लयीत, एक आवर्तन मिनिटभर सुद्धा चालतं. गवई दुसऱ्या-तिसऱ्या मात्रेवर असतो तेव्हापासून ऐकणाऱ्याचा कान समेकडे, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेकडे, लागलेला असतो, आणि समेवर येतात तेव्हा शंभर माणसं एकदम मान हलवतात. चौकटीतल्या वाक्याप्रमाणे खरा फक्त एक क्षण असेल तर त्या क्षणी काय ऐकू येतं? एका स्वराचा तुकडा. त्या तुकड्यात राग नाही, ताल नाही, सम तर नाहीच नाही, कारण सम ही आधीच्या अकरा मात्रांशिवाय समच नसते. गेलेला गंधार अजून कानात असतो आणि येणारा षड्ज आधीच हवासा झालेला असतो, हे दोन्ही मिळून आत्ताचं ऐकणं होतं. जर्मन तत्त्वज्ञ हुसर्लनं १९०५ च्या व्याख्यानांत सुरावटीचं उदाहरण घेऊन हेच सांगितलं, आणि त्याच्या आधी १८९० मध्ये अमेरिकेतला विल्यम जेम्स म्हणाला होता की आपल्याला कळणारा वर्तमान सुरीच्या धारेसारखा नसतो, खोगिरासारखा असतो, त्यावर बसून आपण काळाच्या दोन्ही बाजूंना बघतो. मैफलीत बसलेल्याला हे वेगळं सांगायला लागत नाही.

आता लेखाच्या शेवटी आइन्स्टाइनचं नाव आलंय म्हणून तिकडे वळते. मी सायन्सची नाही, पण माझे मिस्टर बँकेत असूनही फिजिक्सचं वेड असलेले होते आणि त्यांच्यामुळे घरात यावर खूप बोलणं व्हायचं. १९०५ मध्ये आइन्स्टाइननं दाखवलं की लांबलांबच्या दोन घटना 'एकाच वेळी' झाल्या का, याचं उत्तर बघणारा कसा हलतोय यावर ठरतं. धावत्या गाडीतल्याला एक उत्तर मिळतं, फलाटावरच्याला दुसरं, आणि दोघंही बरोबर. हे कागदावरचं नाही, जीपीएसच्या उपग्रहातलं घड्याळ उंची आणि वेग दोन्ही धरून दिवसाला साधारण ३८ मायक्रोसेकंद आपल्यापुढे जातं, ते सुधारलं नाही तर एका दिवसात नकाशा दहा-अकरा किलोमीटरनं चुकेल. देवयानी दीर्घिका (अँड्रोमेडा गॅलेक्सी) २५ लाख प्रकाशवर्षं लांब, तिथे 'आत्ता' काय चाललंय हे बाकावर बसलेल्याचं आणि समोरून चालत जाणाऱ्याचं एक नसतं, काही दिवसांचा फरक पडतो, नुसत्या चालण्यानं. म्हणजे सगळ्या विश्वाला कापत जाणारा एकच 'हा क्षण' फिजिक्समध्ये नाहीच. ज्या आइन्स्टाइनचं नाव त्या चौकटीच्या आधाराला घेतलं त्यानंच ती चौकट मोडली होती.

आणि तो एकच 'आत्ता' आपल्या रोजच्या जगण्यात तरी कधी होता? सूर्य दिसतो तो आठ मिनिटं वीस सेकंद आधीचा. नदीच्या पलीकडे कुणी धुणं आपटत असेल तर हात खाली आलेला आधी दिसतो आणि आवाज नंतर येतो, पावणेदोनशे मीटरला अर्धा सेकंद. मुंबईत तर १९०६ नंतर कित्येक वर्षं दोन वेळा चालत होत्या, सरकारची देशभरची एक आणि शहराची जुनी 'बॉम्बे टाइम' ३९ मिनिटं मागे, ती १९५५ पर्यंत टिकली. तुमच्या धंद्याचं नावच घ्या, वर्तमानपत्र. जुन्या मराठीत वर्तमान म्हणजे बातमी, 'तिकडील वर्तमान लिहीत जावे' असं पत्रात असायचं. पानिपत झालं १४ जानेवारी १७६१ ला, आणि उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेबांना 'दोन मोत्ये गळाली' हे वर्तमान मिळालं काही दिवसांनी. मधल्या दिवसांत त्यांच्या वर्तमानात विश्वासराव आणि भाऊ जिवंत होते, ते धरून मनसुबे चालले होते. बातमी पोचेपर्यंतचा तो काळ मी इतिहास शिकवणाऱ्या बाईंकडून ऐकला तेव्हा मला बरेच दिवस तो डोक्यातून काढता आला नाही.

पण इथे एक गोष्ट आहे जी मला फार महत्त्वाची वाटते, आणि ती मिस्टरांनी मला स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभं राहून समजावली होती. 'एकाच वेळी' हे बघणाऱ्यावर अवलंबून असलं तरी एकाच ठिकाणी आधी आणि नंतर घडलेल्या गोष्टींचा क्रम कुणासाठीच उलटत नाही. तांदूळ आधी पडला आणि भात नंतर शिजला, हे कितीही वेगानं जाणाऱ्या रॉकेटमधून बघा, मधला वेळ कमी-जास्त मोजला जाईल पण क्रम तोच. म्हणजे सुरुवात झाली आहे आणि शेवट झालेला नाही, हा पतंजलीचा वर्तमान आइन्स्टाइनच्या जगातही धक्का न लागता उभा राहतो. गेला तो फक्त विश्वभर एकदम वाजणारा टोला.

त्या लेखात आइन्स्टाइनचं जे वाक्य वापरलंय, भूत-वर्तमान-भविष्य हा भेद म्हणजे एक चिवट भ्रम आहे, ते कुठलं आहे हे लेखकानं सांगायला हवं होतं. ते कुठल्या शोधनिबंधातलं नाही. त्याचा तरुणपणापासूनचा मित्र मिशेल बेसो १९५५ च्या मार्चमध्ये गेला, तेव्हा त्याच्या घरच्यांना लिहिलेल्या सांत्वनाच्या पत्रातलं आहे ते, आणि पुढच्याच महिन्यात, १८ एप्रिलला, आइन्स्टाइनही गेला. मित्र माझ्या थोडा आधी गेला, याचा काही अर्थ नाही, असं म्हणून मग ते वाक्य येतं. वारल्याच्या घरी लिहिलेलं वाक्य सिद्धांत म्हणून फिरवणं मला बरोबर वाटत नाही. हाच माणूस कार्नाप या तत्त्वज्ञाशी बोलताना म्हणाला होता की 'आत्ता' या प्रश्नानं आपल्याला फार अस्वस्थ केलंय. माणसाला 'आत्ता' काहीतरी वेगळंच वाटतं, भूत-भविष्यापेक्षा निराळं, आणि हा फरक फिजिक्समध्ये येत नाही, येऊच शकत नाही, याचं त्याला वाईट वाटत होतं. कार्नापनं समजूत घातली की मानसशास्त्र सांगेल ना बाकीचं, पण त्यानं त्याचं समाधान झालं नाही. ही दुसरी गोष्ट कुणी फुलांच्या फोटोवर टाकत नाही.

मला हे एवढं का लागलंय ते सांगते. मिस्टरांना जाऊन चार वर्षं झाली. तेराव्यापर्यंत आणि नंतरही जे जे आले ते हेच सांगून गेले, की मागचं आता राहिलं नाही, ते धरून बसू नका, या क्षणात जगा. चांगल्या मनानं सांगत होते, मी कुणाला दोष देत नाही. पण ऐकताना असं वाटायचं की माझ्या अडतीस वर्षांवर कुणीतरी पाटी पुसावी तसा हात फिरवतंय, आणि वर सांगतंय की हेच शहाणपण आहे. मी त्या 'या क्षणात' राहून बघायचा प्रामाणिक प्रयत्न केला, श्वासावर लक्ष ठेवून बसले, क्लासही लावला. श्वास शांत झाला, झोप सुधारली, त्याचा उपयोग नाही असं मी म्हणणार नाही. पण क्लासमधल्या सरांनी 'फक्त हाच क्षण खरा' म्हटलं की मला आतून नाही म्हणावंसं वाटायचं, कारण समोरच्या चहाच्या कपाला 'दोघांतला एक' म्हणून ओळखते ती मी, आणि ते ओळखणं आत्ताच होत असतं, काल नाही.

आम्ही दोघं रोज संध्याकाळी महाभाष्याचं ते मराठी भाषांतर वाचायचो, त्यांना संस्कृत येत नव्हतं म्हणून मी वाचायची आणि ते मध्येमध्ये थांबवून प्रश्न विचारायचे, कधी एका पानाला आठवडा लागायचा. देवदत्त हसतो, बोलतो, पाणी पितो हे आलं तेव्हा त्यांनी परत वाचायला लावलं होतं. चौथ्या अध्यायात तद्धित, म्हणजे नामांना लागणाऱ्या, प्रत्ययांचं चालू होतं तेव्हा ते गेले. वर्षभर पुस्तक मिटलेलं होतं, आत एसटीचं तिकीट खूण म्हणून. मग एक दिवस तिथूनच उघडलं. आता पाचव्यात आहे, ते काय विचारतील ते मला बऱ्याचदा आधीच कळतं आणि मी तिथे थांबते. कुणी विचारलं काय चाललंय तर मी सांगते, आम्ही महाभाष्य वाचतोय. हे क्रियापद मी नीट तपासून वापरते. सुरुवात झाली आहे, शेवट झालेला नाही, मध्ये वर्षभराचा खंड पडला तो देवदत्तानं पाणी प्यायल्यासारखा धरावा.

शेवटी एक विनंती. तुमच्या पुरवणीत मुलांसाठी अर्धं पान असतं, त्यात तो कावळ्याचा श्लोक चित्रासकट छापाल का? अर्थ सोपा करून मी लिहून पाठवीन, मानधन नको. फक्त उत्तर खाली उलटं छापू नका, मुलांना कावळ्याकडे थोडे दिवस बघू द्या. आणि चौकटीतल्या त्या वाक्यावर लेखकांना काही म्हणायचं असेल तर तेही जरूर छापा, मी वाट बघतेय.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, मिरज